कोऱ्या सोडलेल्या ओळींचा तह

उत्तर आयर्लंडमधील एसडीएलपी या पक्षाचे उपनेते शेमस मॅलन यांनी तेथील हिंसक संघर्ष मिटवण्यासाठी झालेल्या १९९८च्या गुड फ्रायडे कराराला ‘उशिरा समजणाऱ्यांसाठीचे सनिंगडेल’ म्हटले होते. टोमणा झोंबणारा होता आणि त्यात तथ्यही होते. डिसेंबर १९७३मध्ये इंग्लंडमधील सनिंगडेल येथे जे ठरले, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणारे युनियनिस्ट आणि एकसंध आयर्लंड हवे असलेले नॅशनलिस्ट यांनी मिळून सत्ता चालवायची, डब्लिनच्या, म्हणजे स्वतंत्र आयर्लंडच्या, सरकारशी संस्थात्मक संबंध ठेवायचा आणि बहुसंख्य जनतेच्या संमतीशिवाय प्रांताचा दर्जा बदलायचा नाही, तेच थोड्याफार फरकाने पंचवीस वर्षांनी पुन्हा ठरले. मधल्या काळात दोन हजारांहून अधिक माणसे मारली गेली.

तरीही हा टोमणा मला पुरेसा वाटत नाही. सत्तावाटपाचा आराखडा तोच असला, तरी १९९८चा दस्तऐवज लिहिणाऱ्यांना एक गोष्ट उमगली होती, जी १९७३मध्ये कोणाला नीट उमगलेली नव्हती: कोणत्या ओळी कोऱ्या सोडायच्या. ‘लढाईत कमावले ते तहात गमावले’ असे आपल्याकडे म्हणतात. उत्तर आयर्लंडमधील प्रत्येक पुढाऱ्याला हीच धास्ती होती, आणि ज्याच्या अनुयायांना आपण तहात हरलो असे वाटले त्याचे राजकारण तिथेच संपले. हा प्रांत अखेर कोणाचा, या मूळ वादाचा निकाल न लावता १९९८च्या कराराने प्रत्येकाला आपल्या माणसांत परतून ‘आपण हरलेलो नाही’ असे सांगण्याची सोय केली. ही सोय लबाडीची होती असे अनेक जण मानतात. मी मानत नाही. मात्र त्याच करारात दुसऱ्या प्रकारच्याही काही ओळी कोऱ्या राहिल्या, कोणी, केव्हा, काय करायचे याच्या, आणि त्यांची किंमत त्या समाजाने पुढे बरीच वर्षे मोजली. या दोन कोरेपणांची गल्लत होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

या संघर्षाला आपल्याकडे सर्रास ‘कॅथलिक-प्रॉटेस्टंट दंगे’ म्हटले जाते. ते चूक नाही, पण तेवढ्यावर थांबले तर प्रकरण कळत नाही. तिथे धर्मसिद्धांतावरून कोणी कोणाचा जीव घेत नव्हते. प्रॉटेस्टंट घरात जन्मलेला माणूस बहुधा ब्रिटनशी जोडलेले राहावे या मताचा, म्हणजे युनियनिस्ट असे. कॅथलिक घरातला बहुधा एकसंध आयर्लंड हवे असलेला नॅशनलिस्ट. धर्म ही ओळखीची खूण होती, भांडण राष्ट्राचे होते. टिळकांनी एप्रिल १९१६मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन केली तेव्हा ‘होमरूल’ हा शब्द आयरिश राजकारणातूनच आलेला होता, आणि योगायोग असा की त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. हा शब्द आपल्या ओळखीचा. पण त्या होमरूलला प्राणपणाने विरोध करणारा मोठा समाज आयर्लंडमध्येच होता, आणि १९१२मध्ये त्यातील सुमारे पावणेपाच लाख स्त्री-पुरुषांनी विरोधाच्या प्रतिज्ञापत्रांवर सह्या केल्या होत्या, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

१९२१ची फाळणी या समाजाच्या आग्रहाखातर झाली. प्रॉटेस्टंट बहुमत पक्के राहील असे ईशान्येकडील सहा जिल्हे वेगळे काढण्यात आले आणि १९७२पर्यंत तिथे एकाच पक्षाने अखंड राज्य केले. लोकसंख्येच्या एक तृतीयांशाच्या आसपास असलेल्या कॅथलिकांचे गाऱ्हाणे काय होते, हे समजून घ्यायला मोठे सिद्धांत लागत नाहीत, घरवाटपाची यादी पुरते. स्थानिक निवडणुकीत मत होते ते घरपट्टी भरणाऱ्या कुटुंबप्रमुखाला आणि त्याच्या जोडीदाराला. घरात राहणारी सज्ञान मुले आणि पोटभाडेकरू यांना नव्हते. त्यामुळे पालिकेचे घर मिळणे म्हणजे नुसते छप्पर मिळणे नव्हते, त्या घराबरोबर मत येत असे, आणि घर कोणाला द्यायचे हे ठरवणारे नगरसेवक त्या मताचा रंग ओळखून असत. डेरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असूनही प्रभागांच्या सीमा अशा आखल्या होत्या की पालिका युनियनिस्टांच्याच हाती राहावी. जून १९६८मध्ये टायरोन जिल्ह्यातील कॅलेडन या खेड्यात मुलाबाळांची कॅथलिक कुटुंबे ताटकळत असताना एक नवे घर एकोणीस वर्षांच्या एका अविवाहित प्रॉटेस्टंट तरुणीला मिळाले. ऑस्टिन करी या तरुण आमदाराने निषेध म्हणून त्या घराचा ताबा घेतला आणि पोलिसांनी काही तासांत त्याला बाहेर काढले. त्या वर्षीच्या नागरी हक्क मोर्च्यांना तोंड फुटले ते असे. ५ ऑक्टोबरला डेरीच्या ड्यूक स्ट्रीटवर पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना लाठ्यांनी झोडपले, आणि डब्लिनच्या दूरचित्रवाणीच्या छायाचित्रकाराने ते टिपल्यामुळे जगाने पाहिले.

येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. या मोर्च्यांच्या बहुतेक मागण्या तीन वर्षांत कागदावर मान्य झाल्या होत्या. सर्व सज्ञानांना स्थानिक मताधिकार देण्याचे १९६९मध्ये कबूल झाले, केवळ प्रॉटेस्टंटांचे बनलेले ‘बी स्पेशल्स’ हे राखीव पोलीस दल बरखास्त झाले, आणि १९७१मध्ये घरवाटप पालिकांच्या हातून काढून स्वतंत्र मंडळाकडे गेले. पण तोवर ऑगस्ट १९६९मध्ये बेलफास्टमधील गल्ल्या जळाल्या होत्या, रस्त्यांवर ब्रिटिश सैन्य उतरले होते, बिनचौकशी तुरुंगवास सुरू झाला होता, आणि ३० जानेवारी १९७२ रोजी डेरीत सैनिकांनी मोर्च्यावर गोळीबार करून तेरा जणांना जागीच ठार केले; चौदावा पुढे दगावला. सुधारणा एका बाजूला तुटपुंज्या वाटल्या, दुसऱ्या बाजूला शरणागती वाटल्या. एकीकरणासाठी शस्त्रे उचललेल्या आयआरए या भूमिगत संघटनेच्या भरतीला उमेदवार कमी पडेनात.

सनिंगडेलचा करार या वातावरणात झाला. १ जानेवारी १९७४ रोजी युनियनिस्ट नेते ब्रायन फॉकनर मुख्य आणि एसडीएलपी या नॅशनलिस्ट पक्षाचे जेरी फिट उपमुख्य अशी संयुक्त कार्यकारिणी सत्तेवर आली. फॉकनर हे काही मवाळ स्वभावाचे गृहस्थ नव्हते. बिनचौकशी तुरुंगवास त्यांच्याच कारकिर्दीत आला होता. पण दोन महिन्यांत वेस्टमिन्स्टरची, म्हणजे ब्रिटिश संसदेची, निवडणूक झाली आणि प्रांतातील बारापैकी अकरा जागा करारविरोधी युनियनिस्टांनी जिंकल्या. डब्लिन आणि बेलफास्टच्या प्रतिनिधींचे ‘आयर्लंड मंडळ’ ही त्यांची मुख्य दुखरी नस होती: हे मंडळ म्हणजे मागच्या दाराने एकीकरण, असा प्रचार झाला, आणि आयर्लंडच्या राज्यघटनेची दोन आणि तीन ही कलमे अजून उत्तरेवर हक्क सांगत असल्यामुळे तो खोडून काढणे फॉकनर यांना जमेना.

मे महिन्यात प्रॉटेस्टंट कामगारांनी संप पुकारला. संप मोडायला गिरण्यांचे दरवाजे उघडून भागले नसते, कारण बॅलिलमफर्डचे वीजकेंद्र संपकऱ्यांच्या हाती होते. प्रांतात वीज किती यायची हे तेथील कामगार ठरवत होते, आणि रस्तोरस्ती लॉयलिस्ट, म्हणजे युनियनिस्टांच्या बाजूच्या सशस्त्र, टोळ्यांचे अडथळे होते. १७ मे रोजी लॉयलिस्टांनी डब्लिन आणि मोनाहन येथे बॉम्ब फोडून ३३ जणांचे बळी घेतले. २५ मे रोजी पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी भाषणात संपकऱ्यांना ब्रिटनच्या जिवावर जगणारे ऐतखाऊ म्हटले. इंग्रजीत त्यांनी वापरलेल्या शब्दात ‘स्पंज’ दडलेला होता. दुसऱ्या दिवसापासून युनियनिस्ट लोक कोटाच्या कॉलरवर स्पंजचे तुकडे टाचून हिंडू लागले. शिवीचे बिरूद झाले की सरकार हरले असे समजावे. २८ मे रोजी फॉकनर यांनी राजीनामा दिला.

मॅलन यांच्या टोमण्याचा रोख असा की यांना तेव्हाच कळायला हवे होते. पण तेव्हा मेजावर होते कोण? ज्यांच्या हाती बंदुका होत्या ते दोन्हीकडचे गट बाहेर होते, आणि बाहेर राहून करार उधळण्याची ताकद त्यांच्यात पुरेपूर होती. जनतेला कोणी विचारले नव्हते. मूळ प्रश्नावर डब्लिन आणि लंडन यांची विधाने एकमेकांशी जुळत नव्हती. डब्लिनमध्ये तर बहुमताच्या संमतीशिवाय उत्तरेचा दर्जा बदलणार नाही या आयरिश सरकारच्या घोषणेविरुद्ध कोणी न्यायालयात गेले, तेव्हा सरकारी वकिलांना तिचा अर्थ पातळ करून सांगावा लागला आणि फॉकनर यांच्या पायाखालची उरलीसुरली जमीनही सरकली. कोऱ्या ओळी तिथेही होत्या. मात्र त्या प्रत्येकाने आपापल्या सोयीने दुसऱ्याच्या विरोधात भरल्या.

पुढची वीस वर्षे करारांच्या अपयशाची आहेत, आणि त्यांचा सारा पाढा येथे वाचण्याचे कारण नाही. १९७६मध्ये बेलफास्टमध्ये सैनिकांच्या गोळीने चालक ठार झालेली आयआरएची मोटार एका आईवर आणि तिच्या मुलांवर जाऊन आदळली, तीन मुले गेली, आणि बेटी विल्यम्स व मेरेड कॉरिगन यांच्या मागे दोन्ही समाजांतील हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांना नोबेल मिळाले. पण ‘हिंसा थांबवा’ या मागणीपुढे ‘आणि मग काय’ याचे उत्तर त्या चळवळीकडे नव्हते, त्यामुळे ती ओसरली. तिची टिंगल करण्याची नंतर फॅशन झाली, ती मला अन्यायाची वाटते. १९९६मध्ये मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर यांच्या महिला आघाडीने जेमतेम एक टक्का मतांवर वाटाघाटीत दोन जागा मिळवल्या आणि हिंसाचारातील पीडित व एकत्र शिक्षण यांविषयीचा मजकूर करारात घालून घेतला. बायकांनी मेजावर जागा मागितली पाहिजे हा धडा त्या आधीच्या मोर्च्यांतूनच आला असावा.

शांतता लष्करी दबावामुळे आली, असे एक मत आहे. खबऱ्यांनी आयआरए पोखरली, हत्यारे पकडली गेली, माणसे दमली, म्हणून ती चर्चेला आली. यात अर्धे सत्य आहे. पण १९७८मध्येच ब्रिटिश लष्कराच्या एका गोपनीय मूल्यमापनाने आयआरए नजीकच्या काळात संपणार नाही असे मान्य केले होते, आणि आयआरएलाही ब्रिटिश हटणार नाहीत हे दिसत होते. दोघांनाही जिंकता येत नाही ही स्थिती त्यानंतर पंधरा वर्षे टिकली. कोंडी असणे पुरेसे असते तर १९८०मध्येच युद्धबंदी झाली असती. कमी होती ती अशा रस्त्याची, ज्यावरून परत फिरणाऱ्याला आपल्या माणसांत तोंड दाखवता यावे.

तो रस्ता पाडण्याचे काम ज्यांनी केले त्यात जॉन ह्यूम यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. ह्यूम डेरीचे, एसडीएलपीचे नेते, हिंसेचे आयुष्यभराचे विरोधक. त्यांचा युक्तिवाद साधा होता: अडसर ब्रिटन नाही, अडसर आहे सुमारे दहा लाख प्रॉटेस्टंटांचे मन, आणि मन बॉम्बने वळत नाही. ब्रिटनला तिथे राहण्यात स्वार्थ उरलेला नाही हे ब्रिटननेच जाहीरपणे सांगितले तर आयआरएच्या युद्धाचे कारणच गळून पडते. हे आयआरएची राजकीय शाखा असलेल्या सिन फेनच्या जेरी अ‍ॅडम्स यांना पटवण्यासाठी १९८८पासून दोघांच्या भेटी झाल्या. नोव्हेंबर १९९०मध्ये ब्रिटनचे मंत्री पीटर ब्रुक यांनी ब्रिटनला उत्तर आयर्लंडमध्ये सामरिक किंवा आर्थिक स्वार्थ नाही असे जाहीर भाषणात सांगितले. ते वाक्य या जमिनीतून उगवलेले आहे.

या भेटींमागचे दूत होते बेलफास्टच्या क्लोनार्ड मठातील धर्मगुरू, फादर अ‍ॅलेक रीड. १९ मार्च १९८८ रोजी पश्चिम बेलफास्टमध्ये एका रिपब्लिकन, म्हणजे आयआरएच्या बाजूच्या लोकांच्या, अंत्ययात्रेत दोन ब्रिटिश सैनिकांची मोटार शिरली. जमावाने त्यांना ओढून काढले, बदडले, आणि आयआरएने जवळच्या मोकळ्या जागेत गोळ्या घातल्या. रीड धावत तिथे पोहोचले. चिखलात पडलेल्या अर्धनग्न देहाशेजारी गुडघ्यांवर बसून प्रार्थना करणाऱ्या त्या धर्मगुरूचे छायाचित्र जगभर छापले गेले. छायाचित्रात जे दिसत नाही ते असे: त्याच वेळी त्यांच्या खिशात सिन फेनचे ह्यूम यांना द्यायचे म्हणणे असलेला लिफाफा होता. त्याला रक्त लागले. रीड यांनी लिफाफा बदलला आणि त्याच दिवशी मजकूर ह्यूम यांच्याकडे पोहोचता केला. ज्या संघटनेने डोळ्यांसमोर हत्या केली तिच्याच राजकीय शाखेचा कागद त्याच दिवशी पुढे नेण्याला काय म्हणावे? मी त्याला संयम म्हणणार नाही, संयम हा फार गुळगुळीत शब्द झाला. हट्ट म्हणेन.

ह्यूम यांना या भेटींबद्दल जे ऐकावे लागले त्याची कल्पना आज येणार नाही. ऑक्टोबर १९९३मध्ये आयआरएने शँकिल रोडवरील मासळीच्या दुकानात बॉम्ब फोडला, नऊ निरपराध माणसे आणि बॉम्ब नेणारा मेला. अ‍ॅडम्स यांनी त्या बॉम्बवाल्याच्या शवपेटीला खांदा दिला. आठवड्याने लॉयलिस्टांनी ग्रेस्टील गावच्या एका मद्यगृहात गोळीबार करून आठ बळी घेतले. तेथील अंत्यविधीत मृताच्या मुलीने ह्यूम यांना गाठून सांगितले की आदल्या रात्री शवपेटीभोवती बसून आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना केली, तुम्ही हे काम सोडू नका. ह्यूम बाजूला वळून रडले, ते चित्रफितीत आहे. दीड महिन्याने ब्रिटनचे पंतप्रधान जॉन मेजर आणि आयर्लंडचे पंतप्रधान अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी डाउनिंग स्ट्रीटची संयुक्त घोषणा केली, आणि ३१ ऑगस्ट १९९४ रोजी आयआरएने युद्धबंदी जाहीर केली. मेजर यांनीच त्याआधी संसदेत अ‍ॅडम्सशी बोलण्याच्या कल्पनेने आपल्याला शिसारी येते असे म्हटले होते, आणि त्यांचे सरकार तेव्हा गुप्त मार्गाने आयआरएशी संपर्कात होते, हेही नंतर उघड झाले. तोंडाने एक आणि हाताने दुसरे, हे राजकारणात नवे नाही. येथे सुदैवाने हाताचे खरे निघाले.

प्रत्यक्ष वाटाघाटींचे किस्से विनोदीच वाटतात, पण त्यांतून हवा कळते. जून १९९७मध्ये दक्षिण आफ्रिकेने सर्व पक्षांना आपल्याकडे बोलावले, तेव्हा युनियनिस्टांनी सिन फेनबरोबर एका छताखाली बसायला नकार दिला. निवास वेगळा, जेवण वेगळे, आणि नेल्सन मंडेला यांना एकच भाषण दोन गटांसमोर दोनदा करावे लागले. वर्णभेद संपवलेल्या देशाने पाहुण्यांच्या हट्टापायी वेगळ्या वाटा आखून दिल्या. बेलफास्टमधील स्टॉरमाँट या प्रांतिक सत्ताकेंद्राच्या आवारातील कॅसल बिल्डिंग्ज या रुक्ष सरकारी इमारतीत अमेरिकेचे जॉर्ज मिचेल यांच्या अध्यक्षतेखाली चर्चा चालू असताना युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिंबल अ‍ॅडम्स यांच्याशी थेट बोलत नव्हते. मधल्या काळात आयआरएने लंडनमध्ये कॅनरी वॉर्फला बॉम्ब फोडून युद्धबंदी मोडली आणि दीड वर्षाने पुन्हा जोडली. जानेवारी १९९८मध्ये तर ब्रिटनच्या मंत्री मो मोलम यांनी थेट मेझ तुरुंगात जाऊन लॉयलिस्ट कैद्यांची समजूत काढली, कारण त्यांच्या पाठिंब्याशिवाय त्यांचे पक्ष मेजावर टिकले नसते. १० एप्रिलला, मुदत उलटून गेल्यावर, करार झाला.

आता त्यातील चांगल्या कोऱ्या ओळी पाहू. प्रांत आज ब्रिटनचा आहे आणि बहुमताला वाटेल तोवर राहील. उद्या बहुमताला एकीकरण हवे झाले तर दोन्ही सरकारे ते घडवून आणतील. युनियनिस्टाने पूर्वार्ध वाचावा, नॅशनलिस्टाने उत्तरार्ध. जन्माने तिथला असलेला माणूस स्वतःला ब्रिटिश म्हणवू शकतो, आयरिश म्हणवू शकतो किंवा दोन्ही, आणि दोन्ही पासपोर्ट बाळगू शकतो. म्हणजे ‘तू कोण’ या प्रश्नाचे उत्तर राज्यसंस्थेने लिहायचे सोडून दिले. आयर्लंडने आपल्या घटनेतील हक्काची कलमे बदलून एकीकरणाला संमतीची अट घातली. २२ मे १९९८ रोजी एकाच दिवशी दोन्हीकडे मतदान झाले: उत्तरेत ७१.१ टक्के, दक्षिणेत ९४.४ टक्के अनुकूल. फॉकनर यांच्या पाठीशी जे नव्हते ते ट्रिंबल यांच्या पाठीशी होते, जनतेचा कौल. आणि लॉयलिस्ट बंदूकधाऱ्यांचे प्रतिनिधी या वेळी रस्त्यावर नव्हते, आत होते. करारावर बहिष्कार टाकलेले कडवे युनियनिस्ट नेते इयन पेझली शेवटच्या रात्री निषेध करायला स्टॉरमाँटला आले तेव्हा त्यांची हुर्यो उडवली ती लॉयलिस्टांनीच. १९७४मध्ये हीच माणसे त्यांच्या हाकेला ओ देत होती.

दुसऱ्या प्रकारच्या कोऱ्या ओळीचे उदाहरण म्हणजे शस्त्रांचे कलम. पक्षांनी ‘आपला जो काही प्रभाव असेल तो वापरून’ दोन वर्षांत सर्व शस्त्रे निकामी होतील असे पाहावे, एवढेच करारात आहे. प्रभाव वापरूनही झाले नाही तर? शस्त्रे आधी की मंत्रिपदे आधी? यावर कागद गप्प आहे. सिन फेन म्हणे, आम्ही म्हणजे आयआरए नव्हे. ट्रिंबल म्हणत, बंदुका टेबलाखाली ठेवून सरकार चालत नाही. शेवटच्या दिवशी त्यांचे सहकारी बिथरले तेव्हा टोनी ब्लेअर यांनी त्यांना वेगळे पत्र लिहून दिले, ज्याला करारातील पक्षांपैकी दुसरे कोणी बांधील नव्हते. ही ओळ भरली असती तर करार झालाच नसता, हा बचाव मला मान्य आहे. पण मग तिची किंमतही कबूल करायला हवी. डिसेंबर १९९९मध्ये स्थापन झालेले सरकार सव्वादोन महिन्यांत तहकूब झाले, २००२ ते २००७ तर ते नव्हतेच. आयआरएने शस्त्रे पूर्णपणे निकामी केल्याचे त्या कामावर देखरेख करणारे जनरल द चॅस्टलेन यांनी जाहीर केले ते सप्टेंबर २००५मध्ये. त्या कामाच्या दोन धर्मगुरू-साक्षीदारांपैकी एक फादर रीड होते. तोवर ट्रिंबल स्वतःची खासदारकी गमावून बसले होते आणि ह्यूम यांचा पक्ष सिन फेनच्या मागे पडला होता. २००७मध्ये सरकार आले ते पेझली आणि आयआरएचे माजी सेनानी मार्टिन मॅकगिनेस यांचे. दोघे इतके हसतमुखाने वावरत की वृत्तपत्रांनी त्यांना टोपणनावे दिली. ज्यांनी वाट पाडली ते घरी, ज्यांनी अडवली ते गादीवर.

यावरून हिंसा फळली असा निष्कर्ष काढला जातो. एसडीएलपीच्या कार्यकर्त्याने असे म्हटले तर त्याचा कडवटपणा मी समजू शकतो. पण आयआरएला हवी होती ब्रिटिशांची माघार; तिला मिळाला सत्तेत वाटा आणि संमतीची अट, आणि या दोन्ही गोष्टी १९७३मध्ये एकही गोळी न झाडणाऱ्यांनी मेजावर ठेवल्या होत्या. साडेतीन हजारांहून अधिक मृत्यू, तेही सुमारे पंधरा लाखांच्या प्रांतात, आणि हाती आले ते आधीच देऊ केलेले.

खरी फसवणूक झाली ती पीडितांची, कारण त्यांचा पक्ष मेजावर नव्हता. चारशेहून अधिक कैदी दोन वर्षांत सुटले. नवऱ्याला मारणारा माणूस त्याच बाजारपेठेत भाजी घेताना दिसणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याला ठाऊक. कैद्यांच्या सुटकेशिवाय युद्धबंदी टिकली नसती, असे मला वाटते. पण सुटकेचे वेळापत्रक जसे तारखेनिशी लिहिले, तसे सत्यशोधनाचे काहीच लिहिले नाही. डेरीच्या गोळीबाराच्या चौकशीला बारा वर्षे लागली, तेव्हा कुठे जून २०१०मध्ये डेव्हिड कॅमरन यांनी त्या हत्या असमर्थनीय होत्या असे संसदेत सांगितले. बाकीच्या बहुतेकांच्या वाट्याला तेही आले नाही. २०२३मध्ये ब्रिटनने जुन्या गुन्ह्यांना सशर्त अभय देणारा कायदा केला, तेव्हा उत्तर आयर्लंडमधील झाडून सारे पक्ष एकदाचे एकत्र आले, त्या कायद्याच्या विरोधात.

सत्तावाटपाच्या नियमांचाही एक चटका आहे. विधानसभेत प्रत्येक सदस्याने आपण युनियनिस्ट, नॅशनलिस्ट की ‘इतर’ हे नोंदवायचे, आणि महत्त्वाच्या ठरावांना पहिल्या दोन गटांची वेगवेगळी संमती लागते. ‘इतरां’चे मत मोजले जाते, पण तोलले जात नाही. नोव्हेंबर २००१मध्ये ट्रिंबल यांच्या निवडीला युनियनिस्ट मते कमी पडली, तेव्हा दोन्ही समाजांना एकत्र आणू पाहणाऱ्या अलायन्स पक्षाच्या तीन सदस्यांना तेवढ्यापुरते युनियनिस्ट म्हणून नोंद करावी लागली. दोन मोठ्या पक्षांपैकी कोणीही रुसला की सरकार पडते. १९९९पासून जवळपास दहा वर्षे ते बंद होते. मुले अजून बहुतांशी वेगळ्या शाळांत जातात, एकत्र शाळांत दहातले एकही नाही. बेलफास्टच्या वस्त्यांमधील भिंती २०२३पर्यंत काढण्याचा संकल्प सरकारने सोडला होता. भिंती आहेत, आणि काहींची फाटके रात्री अजून बंद होतात. सलोख्याच्या नावाने या कराराला बोल लावणाऱ्यांना मात्र मी एवढेच विचारीन की तो सलोखा होता असे सांगितले कोणी? तो तह होता. तहाने तलवारी म्यान होतात, शेजार जुळत नाही. शेजार जुळवणे हे नंतरच्यांचे काम होते आणि ते त्यांनी केले नाही.

राहिली ती सर्वांत मोठी कोरी ओळ. २०२१च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे लोक ४५.७ टक्के आणि प्रॉटेस्टंट ४३.५ टक्के निघाले. जो प्रांत प्रॉटेस्टंट बहुमतासाठी कोरून काढला होता, तिथे आता कोणाचेच बहुमत नाही. फेब्रुवारी २०२४पासून सिन फेनच्या मिशेल ओ’नील मुख्यमंत्री आहेत, युनियनिस्ट एमा लिटल-पेंगेली कायद्याने त्यांच्या तोडीच्या उपमुख्यमंत्री. एकीकरणाचे सार्वमत केव्हा घ्यायचे? एकीकरणाला बहुमत मिळेल असे ब्रिटनच्या मंत्र्यांना ‘संभाव्य वाटले’ तर ते घेतलेच पाहिजे, आणि एकदा घेतल्यावर सात वर्षे पुन्हा घेता येणार नाही, असे कायदा सांगतो. संभाव्य कशावरून वाटायचे, निवडणुकीतील मतांवरून, जनगणनेवरून की पाहण्यांवरून, हे कुठेही लिहिलेले नाही. एका मताच्या फरकाने निकाल लागला तरी तो बंधनकारक असेल, पण त्यानंतर नव्या आयर्लंडमध्ये दवाखाने, पोलीस, ध्वज आणि निवृत्तिवेतने यांचे काय, याचाही मजकूर नाही. मंत्र्यांनी निकष जाहीर करावेत म्हणून बेलफास्टचा एक नागरिक न्यायालयात गेला, ज्याचा मुलगा लॉयलिस्टांनी मारला होता. उच्च न्यायालयाने २०१८मध्ये आणि अपील न्यायालयाने २०२०मध्ये त्याची मागणी फेटाळली: निकष ठरवून ठेवण्याचे बंधन मंत्र्यांवर नाही, परिस्थिती पाहून त्यांनी ठरवावे. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेल. १९९८मध्ये शस्त्रांच्या कलमावरही असेच म्हटले गेले होते, परिस्थिती पाहून ठरवू.